मदत हवी आहे: आफ्रिकेतल्या खेळाडूंसाठीची कॅसिनो + पोकर साइट, पैसे घालू की नको?

चिंचगुळ (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. एक साइट आहे, कॅसिनो आणि पोकर दोन्ही एकाच खात्यात. 'आफ्रिकन खेळाडूंचं स्वागत' असं पहिल्याच पानावर लिहिलंय आणि नेहमीचं मोबाइल वॉलेट चालतं. खातं उघडलंय, पैसे अजून घातले नाहीत. पहिल्या भरण्यावर १०० टक्के बोनस आहे, तो शुक्रवारी रात्री संपतो. चार-पाच रिव्ह्यू वाचले, सगळीकडे ९ च्या वर गुण. खाली परवान्याचा शिक्का आहे. चॅटवर लगेच उत्तर देतात. विश्वास ठेवावा का? जुगार वाईट वगैरे कृपया सांगू नका, ठाऊक आहे. हो की नाही एवढंच हवंय. साइटचं नाव देत नाही, धागा उडेल.

बेरीज_वजाबाकी
आफ्रिका हा देश नाही. तुम्ही कुठे आहात? वॉलेट कुठलं? खातं कुठल्या चलनात? बोनस कॅसिनोचा की पोकरचा? शिक्का कोणाचा, आणि त्यावर टिचकी मारली की काय उघडतं? हे कळल्याशिवाय 'हो' किंवा 'नाही' म्हणणं म्हणजे नाणं उडवणं.

जोबर्ग_कट्टा
सरळ नाही. दक्षिण आफ्रिकेत २००४ च्या राष्ट्रीय जुगार कायद्याने ऑनलाइन कॅसिनो आणि पोकर बंद आहेत. २००८ मध्ये ते सुरू करण्याची दुरुस्ती संमत झाली, पण आजतागायत अमलात आली नाही. प्रांतिक बोर्डाचा परवाना असलेल्या बुकमेकरकडे पैज लावणं वेगळं, तो मार्ग कायदेशीर आहे. सर्व्हर परदेशात आहे हा युक्तिवादही चालत नाही. स्वाझीलँडच्या एका कॅसिनोने तो करून पाहिला, २०११ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने सांगितलं की खेळणारा गाउटेंग प्रांतात बसलाय तर जुगार गाउटेंगमध्ये झाला. बेकायदा साइटवर जिंकलेली रक्कम बँकेत आली तर जप्त होऊ शकते. म्हणजे हरलात तर गेले आणि जिंकलात तरी गेले. शिवाय क्रेडिट कार्डाने परदेशी जुगाराचे पैसे भरणं तिथल्या परकीय चलन नियमांतही बसत नाही.

चिंचगुळ
मी दक्षिण आफ्रिकेत नाही हो. केनियात आहे. वॉलेट म्हणजे एम-पेसा, दुसरं काय असणार?

दार_ए_पुणे
घानात एमटीएनचं मोमो असतं. टांझानियात व्होडाकॉमचं एम-पेसा आहे, पण ते केनियातल्या सफारीकॉमच्या एम-पेसापेक्षा वेगळं. म्हणून लोक विचारतात.

जोबर्ग_कट्टा
माझा प्रतिसाद राहू दे, इथे जोहान्सबर्गच्या सॅंडटन-मिडरँड भागातले बरेच वाचक आहेत.

बेरीज_वजाबाकी
केनिया कळलं. आता बोनसच्या अटी इथे शब्दशः चिकटवा. चलन काय?

चिंचगुळ
चलन शिलिंग. अटी मोठ्या आहेत. '३५ पट वेजरिंग' असं आहे. १०,००० घातले की १०,००० वर मिळतात. बोनस 'वेलकम' आहे, कॅसिनोचा की पोकरचा ते लिहिलेलं दिसत नाही. उत्तर लवकर द्या, उद्या बुधवार.

बेरीज_वजाबाकी
३५ पट कशाच्या? फक्त बोनसच्या की भरणा अधिक बोनसच्या? सगळी मेख तिथे आहे.

वेजरिंग म्हणजे पैसे काढता येण्याआधी लावायच्या एकूण पैजा. बोनसच्या ३५ पट असेल तर ३,५०,००० शिलिंगच्या पैजा लावाव्या लागतील. ९६ टक्के परतावा असलेल्या स्लॉटवर सरासरी ४ टक्के जातात, म्हणजे १४,०००. दहा हजार मिळवायला चौदा हजार. भरणा अधिक बोनसच्या ३५ पट असेल तर ७,००,००० च्या पैजा आणि २८,००० चा सरासरी तोटा. तेवढे खात्यात नसतातच, त्यामुळे बहुतेकांचं खातं अर्ध्या वाटेतच शून्य होतं.

'मग ब्लॅकजॅक खेळतो, तिथे घराचा, म्हणजे कॅसिनोचा, वाटा अर्धाच टक्का' असं डोक्यात येईल. अटींत खेळांचं योगदान नावाचा तक्ता शोधा. ब्लॅकजॅक बहुधा १० टक्के धरतात, म्हणजे १०० च्या पैजेतले १० च मोजतात. मग ३,५०,००० चे ३५ लाख होतात आणि त्यांचा अर्धा टक्का १७,५००. स्लॉटपेक्षाही महाग. रूलेट तर कित्येक ठिकाणी शून्य धरतात.

आणखी तीन ओळी शोधा: बोनस चालू असताना एका पैजेची कमाल रक्कम, बोनसमधून काढता येणारी कमाल रक्कम आणि मुदत. पहिली सर्वांत घातक. एकदा जरी मर्यादेच्या वर पैज गेली की जिंकलेलं सगळं रद्द करायचा अधिकार साइटकडे, आणि तो तुमच्या पैसे काढायच्या दिवशीच वापरतात. पैज लावताना कोणी अडवत नाही.

हिरवा_ठेचा
आणि रिव्ह्यूंचे ९ गुण विसरा. त्या पानावरच्या 'इथे खेळा' बटणाच्या दुव्यात मोठा कोड दिसेल. तुम्ही त्यातून गेलात की तुम्ही हरलेल्या पैशातला वाटा, बरेचदा २५ ते ४० टक्के, रिव्ह्यू लिहिणाऱ्याला कायम मिळत राहतो. तुम्ही जिंकावं यात त्याचा काडीचा फायदा नाही. तक्रारींच्या साइटवर जा आणि फक्त 'पैसे काढणे' हा शब्द शोधा. तक्रारी किती आहेत ते गौण, साइटने उत्तरात काय कारण दिलंय ते वाचा. 'कागदपत्रे अपुरी' हेच कारण दहा ठिकाणी असेल तर ती त्यांची पद्धत आहे.

परवाना_बघू
शिक्का कोणाचा ते अजून सांगितलं नाहीत.

चिंचगुळ
कुरासाव, ते कॅरिबियन बेट. नंबर ८०४८/जेएझेड असा काहीतरी आहे. ठीक आहे ना?

परवाना_बघू
नाही. जेएझेडचे नंबर जुन्या पद्धतीतले. तेव्हा मोजक्या कंपन्यांकडे मुख्य परवाना असायचा आणि त्या खाली शेकडो साइटना उपपरवाने वाटायच्या. २४ डिसेंबर २०२४ पासून कुरासावचा नवा कायदा लागू झाला, उपपरवाना हा प्रकार संपला आणि प्रत्येक साइटला थेट नियामकाकडून परवाना घ्यावा लागतो. नवे नंबर ओजीएल/२०२४/… असे दिसतात. जुना नंबर अजून खाली असेल तर एक तर पान अद्ययावत केलेलं नाही किंवा नवा परवाना मिळालेलाच नाही. दोन्ही वाईटच.

तपासायचं असं: शिक्क्यावर टिचकी मारा. नवं पान नियामकाच्या स्वतःच्या पत्त्यावर उघडलं पाहिजे, त्यावर कंपनीचं नाव आणि तुम्ही खेळताय तोच पत्ता यादीत असला पाहिजे. नुसतं चित्र मोठं होऊन दिसलं तर तो शिक्का नव्हे, स्टिकर आहे. हल्ली आँजुआनचा शिक्काही खूप दिसतो. ते कोमोरोसचं बेट, नकाशात आफ्रिकेला लागून, म्हणून काही लोक त्याला 'आफ्रिकन परवाना' म्हणून खपवतात. केनियात खेळ चालवायला त्याचा काही उपयोग नाही.

केनियापुरतं म्हणाल तर परवाना केनियाचाच लागतो. इतकी वर्षं १९६६ च्या कायद्याखालचं बेटिंग बोर्ड तो द्यायचं, ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या जुगार नियंत्रण कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली आणि त्यात बोर्डाच्या जागी नवं प्राधिकरण आहे. परवानाधारकांच्या यादीत साइटचं नाव नसेल तर पैसे अडकल्यावर नैरोबीत तक्रार ऐकायला कोणी नाही.

दार_ए_पुणे
यादी न शोधता ओळखायची सोपी खूण सांगतो. केनियाच्या परवान्याची साइट कर कापते. १ जुलै २०२५ पासून वॉलेटमध्ये भरलेल्या रकमेवर ५ टक्के अबकारी आणि काढताना ५ टक्के विदहोल्डिंग. १,००० भरून एकही पैज न लावता काढायचं म्हटलं तरी ९५० आणि मग ९०२.५० हातात. तुमच्या साइटच्या अटींत या कराचा उल्लेखच नसेल तर ती स्थानिक नाही, एवढं पक्कं.

रेकचा_रेडा
त्याचीच तर मजा आहे! १० टक्के सरकारला द्यायचे तर पोकर खेळूच नये. परदेशी साइटवर ते वाचतात.

परवाना_बघू
वाचत नाहीत, कापले जात नाहीत. आणि साइटने उद्या दार लावलं तर ९०२ सोडा, ९ पण मिळणार नाहीत.

रेकचा_रेडा
पोकरवाल्याला पर्याय तरी काय आहे तिथे? स्थानिक साइटवर सामन्यांच्या पैजा, स्लॉट आणि विमानाचा खेळ. खेळाडूविरुद्ध खेळाडू टेबल शोधून दाखवा. धागाकर्त्याला पोकर खेळायचंय की स्लॉट, हे अजून कोणी विचारलं नाही. सगळे बोनसचे हिशेब करताहेत.

बेरीज_वजाबाकी
पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं. वाचा.

चिंचगुळ
मुख्यतः पोकर, ५-१० सेंटची टेबलं. अधूनमधून एव्हिएटर, तोच विमानाचा खेळ. आधी का नाही विचारलं, तेच तर लिहिलंय 'कॅसिनो + पोकर'.

रेकचा_रेडा
मग ऐका. पोकर साइट तपासायला पैसे लागतच नाहीत. लॉबी उघडा आणि तीन वेगवेगळ्या वेळी तुमच्या स्टेकची किती टेबलं खरोखर चालू आहेत ते मोजा. लॉबीतला 'ऑनलाइन खेळाडू' आकडा बघू नका, त्यात स्लॉटवाले आणि नुसते लॉगिन करून बसलेलेही धरतात. टेबल उघडून पत्ते पडताहेत का ते बघा. युरोपातली गर्दीची वेळ संध्याकाळी ६ ते १०, हिवाळ्यात ती तुमच्याकडे रात्री ८ ते १२ आणि उन्हाळ्यात तासभर आधी. त्या वेळेतही ५-१० सेंटची पाच-सहा टेबलं नसतील तर कामाच्या दिवशी दुपारी एकही नसेल. लहान साइट बहुधा स्वतःची नसते, मोठ्या नेटवर्कची कातडी असते, म्हणजे नाव वेगळं आणि टेबलं त्या नेटवर्कची. कोणतं नेटवर्क ते सपोर्टला विचारा. 'आमचं स्वतःचं' असं उत्तर आलं आणि टेबलं रिकामी असली तर तिथे समोर कोण बसलंय याचा विचार करा.

रेक, म्हणजे प्रत्येक डावाच्या भांड्यातून (जमलेल्या पैजांतून) साइट कापते तो वाटा: बहुतेक ठिकाणी भांड्याच्या ५ टक्के आणि वर कमाल मर्यादा. ४ डॉलरच्या भांड्यातून २० सेंट गेले पाहिजेत. फ्लॉप, म्हणजे टेबलावरचे पहिले तीन उघडे पत्ते, न पडता भांडं संपलं तर काहीच जायला नको. बॅड बीट जॅकपॉटसाठी (भारी हात असूनही हरणाऱ्याला मिळणारं बक्षीस) वेगळं काही कापतात का ते हँड हिस्ट्रीत, म्हणजे खेळलेल्या हातांच्या नोंदीत, दिसतं. हँड हिस्ट्री उतरवूच देत नाहीत अशी साइट असेल तर माझ्या लेखी विषय संपला.

बोनस पोकरचा असेल तर त्याचं गणित वर लिहिलंय तसं नसतं. तो रेक भरत जाल तसा सुटतो. ५ डॉलर रेकमागे १ डॉलर असा दर असेल तर तो २० टक्के रेकबॅकच, म्हणजे भरलेल्या रेकची परतफेड, वेगळ्या नावाने. समजा जाहिरातीत ६०० डॉलरचा बोनस आहे, तर तो पूर्ण सोडवायला ३,००० डॉलर रेक. तुमच्या टेबलावर शंभर हातांमागे ७० सेंट रेक जातो असं धरा, म्हणजे सव्वाचार लाखांहून जास्त हात. ६० किंवा ९० दिवसांच्या मुदतीत ते होणार नाही. तेव्हा ६०० हा आकडा जाहिरातीतला. तुमच्यासाठी तो शंभराच्या आसपाससुद्धा नाही.

लोणी_काळभोर
साइटकडे आरएनजीचं, म्हणजे पत्ते आणि आकडे यादृच्छिक काढणाऱ्या यंत्रणेचं, प्रमाणपत्र असेल तर काळजी करायचं कारण नाही. जीएलआय, आयटेक लॅब्ज, ईकोग्रा यांपैकी कोणाचंही चालेल.

रेकचा_रेडा
आरएनजी प्रमाणपत्र पत्ते नीट पिसले जातात एवढंच सांगतं. तुमचे पत्ते दुसऱ्याला दिसत नाहीत हे सांगत नाही. २००७ मध्ये ॲब्सोल्यूट पोकरवर नेमकं हेच झालं, पिसणं नीट आणि एका खात्याला सगळ्यांचे पत्ते दिसत होते. पकडलं कोणी? तक्रार करणाऱ्या खेळाडूला चुकून पाठवलेल्या फाइलमुळे, ज्यात त्या टूर्नामेंटचे सगळ्यांचे पत्ते होते. नियामकाने नाही.

परवाना_बघू
आणि फुल टिल्ट. तीही पोकर साइटच. १५ एप्रिल २०११ ला अमेरिकेने कारवाई केली त्यानंतर कळलं की खेळाडूंचे पैसे वेगळे ठेवलेलेच नव्हते, कंपनी तेच खर्च करत होती. सॉफ्टवेअर उत्तम होतं, आरएनजी उत्तम होतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या मोठ्या साइटने ती विकत घेतली म्हणून लोकांना पैसे मिळाले. म्हणून अटींत 'खेळाडूंचा निधी' हे कलम शोधा. वेगळ्या खात्यात ठेवतो असं स्पष्ट लिहिलेलं असावं. 'योग्य ती काळजी घेतो' म्हणजे ठेवत नाहीत.

फ्लाय_हाय_७७
एव्हिएटरसाठी आमच्या टेलिग्राम ग्रुपवर या, सिग्नल ९५ टक्के बरोबर येतात. ॲप फुकट.

हिरवा_ठेचा
आले. एव्हिएटरमध्ये प्रत्येक फेरीचा गुणक (पैजेच्या किती पट ते ठरवणारा आकडा) सर्व्हरचं बीज (यादृच्छिक अक्षरांची ओळ) आणि त्या फेरीत पहिल्यांदा पैज लावणाऱ्या तीन खेळाडूंची बीजं एकत्र करून एसएचए-५१२ या हॅश सूत्राने निघतो. त्या तिघांनी पैज लावल्याशिवाय तो आकडा अस्तित्वातच नसतो, तुमचं ॲप काय अंगाऱ्याने ओळखतं? फेरी संपल्यावर गुणकाशेजारच्या हिरव्या खुणेवर टिचकी मारली की बीजं दिसतात, कोणीही हॅश पडताळू शकतो. ती खूणच नसेल तर तो खरा एव्हिएटर नाही, नक्कल आहे.

स्लॉटचंही तसंच. एकाच खेळाच्या वेगवेगळ्या परताव्याच्या आवृत्त्या असतात आणि कुठली लावायची ते साइट ठरवते. बुक ऑफ डेडची वरची आवृत्ती ९६.२१, आणि खाली ९४.२५, ९१.२५, ८७.२५, ८४.१८ पर्यंत जाते. चित्रं, आवाज, सगळं तेच. खेळाच्या आतल्या माहितीच्या पानावर शेवटी हा आकडा असतो, तिथेच बघायचा. रिव्ह्यूमध्ये ९६ लिहिलेलं असतं कारण तो आकडा निर्मात्याच्या पत्रकातून उचललेला असतो.

प्रशासक
सिग्नलचा दुवा उडवला आहे. पुन्हा दिल्यास आयडी बंद.

माडीवाला
मटक्यावर कोणी माड्या बांधल्या नाहीत, बांधल्या त्या मटकेवाल्यांनी. एवढंच म्हणतो आणि निघतो.

कोकम_आगळ
त्यापेक्षा पणजीला या. मांडवीत कॅसिनो उभे आहेत, जेवणखाण प्रवेशशुल्कातच, चिपा काउंटरवर रोख. अडकायचा प्रश्नच नाही.

बेरीज_वजाबाकी
नैरोबीहून मांडवीत? बोनस शुक्रवारी संपतोय त्यांचा.

चिंचगुळ
काश्मीर करू नका धाग्याचं, विषयावर राहा. डिसेंबरमध्ये पुण्याला जाणारच आहे, तिथून लॉगिन चालेल ना? नाहीतर व्हीपीएन आहेच.

जोबर्ग_कट्टा
नको. भारतात २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ चालवायला बंदी आहे, पोकरसकट. शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. पण तुमचा प्रश्न वेगळा आहे. केनियाचं खातं पुण्याच्या आयपीवरून उघडलं की साइट पुन्हा कागदपत्रं मागते. व्हीपीएन तर जवळजवळ प्रत्येक साइटच्या अटींत मना आहे आणि ते पैसे रोखायचं सर्वांत आयतं कारण. प्रवासाआधी शिल्लक काढून घ्या, तिथे असेपर्यंत उघडू नका.

दार_ए_पुणे
मूळ मुद्द्यावर. कागदपत्रं आधी पास करून घ्या, पैसे नंतर घाला. बहुतेक जण उलटं करतात. पारपत्र किंवा एलियन कार्ड (केनियातलं परदेशी रहिवाशांचं ओळखपत्र), आणि पत्त्याचा पुरावा. दुसऱ्यात अडकाल. विजेचं मीटर टोकनवर चालतं, त्यामुळे तुमच्या नावाचं बिल येत नाही. मीटर घरमालकाच्या नावावर. बँकेच्या स्टेटमेंटवर पोस्ट बॉक्स असतो आणि युरोपात बसलेल्या तपासनिसाला पोस्ट बॉक्स हा पत्ता वाटत नाही. चॅटवर आत्ताच विचारा की पोस्ट बॉक्स असलेलं तीन महिन्यांच्या आतलं स्टेटमेंट चालेल का, आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. ईमेलवर उत्तर मिळालं तर उत्तम.

मग ५०० शिलिंग भरा, बोनस नाकारून. बोनस घ्यायची खूण भरण्याच्याच पानावर बारीक असते, आधीच टिक केलेली, ती काढा. भरताना फोनवर पिन मागणारा संदेश येतो, त्यात पैसे कोणाला जाताहेत ते नाव नीट वाचा. साइटचं किंवा अटींत लिहिलेल्या पेमेंट कंपनीचं नाव हवं. कुठल्याशा माणसाच्या नंबरावर 'एजंटमार्फत' पाठवा म्हणाले तर तिथेच थांबा. भरलेल्या रकमेएवढ्या पैजा एकदा लावा, बहुतेक साइट मनी लाँडरिंगच्या नावाखाली एवढं मागतातच, काही तिप्पट मागतात. मग सगळं काढायला टाका आणि वेळ लिहून ठेवा. एम-पेसावर एका कामाच्या दिवसात यायला हरकत नाही. काढणं 'प्रलंबित' असताना 'रद्द करून खेळत राहा' असं बटण चमकत असेल तर ती साइट तुमचे पैसे परत खेळात यावेत याचीच वाट बघतेय.

रेकचा_रेडा
+१, आणि पैसे काढायची महिन्याची कमाल मर्यादाही बघा. पोकरमध्ये एखादी टूर्नामेंट लागली तर ती मर्यादा दाखवून पैसे सहा महिने पुरवून वाटतात.

चिंचगुळ
चॅटवर विचारलं. म्हणाले एम-पेसाचं नाव आणि खात्याचं नाव एकच हवं. माझी लाइन ऑफिसची आहे, एम-पेसा बायकोच्या नावावर. भरायला चालेल म्हणाले. मग काढायलाही चालेल ना?

बेरीज_वजाबाकी
हे आत्ता सांगताय!

दार_ए_पुणे
नाही चालणार. भरताना कोणी नाव बघत नाही, काढताना बघतात, आणि मग 'तिसऱ्या व्यक्तीचं पेमेंट' म्हणून भरलेली रक्कमही अडकवतात. बायकोच्या नावाने खातं उघडून स्वतः खेळायचा विचारही करू नका, एका घरातून दोन खाती म्हणजे पोकरमध्ये संगनमताचा संशय. सफारीकॉमच्या दुकानात जाऊन स्वतःच्या पारपत्रावर किंवा एलियन कार्डावर लाइन घ्या, एम-पेसा त्यावर चालू करा. नोंदणीच्या वेळी काउंटरवरच्या माणसाने काय टाइप केलं ते पडद्यावर बघा. आपल्या पारपत्रात 'दिलेले नाव' या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव असतं आणि आडनाव वेगळं. नोंदणीत वडिलांचं नाव मधूनच गळतं किंवा तेच आडनाव होऊन बसतं. साइटवरचं खातं आता पारपत्राप्रमाणे तीनही नावांचं करून घ्या. पहिल्या भरण्याआधी सपोर्ट ते बदलतं, नंतर कागदपत्रं मागतं.

चिंचगुळ
म्हणजे शुक्रवारपर्यंत होणार नाही.

परवाना_बघू
नाही होणार. आणि जेएझेडच्या नंबराचं काय? त्यावर टिचकी मारून बघितलीत का?

चिंचगुळ
मारली. चित्र मोठं झालं.

कोकम_आगळ
डिसेंबरात पुण्याला येताय तर पणजी रात्रीच्या बसने पोचता येतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.